नॉमिनी

थोरलीने आईच्या मृत्यूचा दाखला काचेखालून आत सरकवला आणि खुर्चीत अशी ऐसपैस बसली, जणू अर्धी बँक तिच्याच नावावर होती. तसं बसायचा तिला हक्कच होता. आईचं अंग लुळं पडलं तेव्हा शिवणाच्या कारखान्यातली कटिंगची नोकरी तिने सोडली. मग आईला उचलायचं, पुसायचं, भरवायचं आणि वर तिची बोलणीही खायची. धाकटा भाऊ रविवारी चार फळं घेऊन यायचा, तर कौतुक सगळं त्याचं! थोरलीची कंबर गेली, नोकरीचं वय गेलं. ती कुरकुरली की आई म्हणायची, "तुला नॉमिनी केलंय गं. माझ्यामागे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको तुला."

त्या एका शब्दावर तिने सगळं निभावून नेलं होतं.

काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिले.

"पैसे तुमच्याच हातात देऊ आम्ही. पण भाऊ आहे ना? निम्मे त्याचे."

"त्याचे कसे? नॉमिनी मी आहे."

"नॉमिनी म्हणजे मालक नाही हो, ताई. बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे, तेवढंच त्याने ठरतं. पुढे ते वारसांत वाटायचे. मृत्युपत्र असतं तर गोष्ट वेगळी."

थोरलीचा चेहरा उतरला. तरी तिने आईची बाजू सोडली नाही.

"तिला बिचारीला काय ठाऊक असणार! कुणी सांगितलं असतं तर केलं असतं तिने."

बाई जरा घुटमळल्या.

"मीच सांगितलं होतं. तुम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतंत ना, तेव्हा. दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, कळलं मला, तुम्ही नाव तेवढं घाला."

"मी कुठे होते?"

"पाणी आणायला गेला होतात."

थोरलीला आठवलं. घरून भरून आणलेली बाटली खुर्चीलाच लटकत होती, तरी आईने पाण्यासाठी तिला बाहेर पिटाळलं होतं. म्हातारीला विसर पडायला लागला म्हणून तिला गलबलून आलं होतं, आणि ती भर उन्हात धावत जाऊन दुसरी बाटली घेऊन आली होती. आईने त्या पाण्याला तोंडही लावलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा धाकटा बँकेच्या फाटकापाशी उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याने आपली बाटली पुढे केली.

"घे ताई, पाणी पी."

"निम्मे तुझे आहेत," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं?"

त्याने मान खाली घातली.

"तुला सांगू नको म्हणाली होती आई. म्हणाली, तिला कळलं तर माझं करणार कोण?"

थोरलीने बाटली घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या घटाघटा रिकामी केली. त्याच्यासाठी घोटभरही ठेवलं नाही.