हिंगाची चिठ्ठी

माजलगावजवळच्या शाळेत पहिल्यांदाच एड्सचा तास होता. नर्स भामाबाई म्हणाल्या, नाव न लिहिता प्रश्न डब्यात टाका. दहावीतल्या संगमेशने बापाच्या दुकानातला पुडीचा कागद फाडला आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, 'पोराला पोरगाच आवडला तर तो आजार हाय का?'

भामाबाईंनी चिठ्ठी उलगडून वाचली आणि वर्गभर हिंग दरवळला. गावात हिंग एकाच दुकानात मिळायचा. सूर्यफुलाच्या वावरासारख्या सगळ्या माना संगमेशकडे वळू लागल्या.

"इकडं बघा. चिठ्ठी माझी हाय," भामाबाई म्हणाल्या. "सकाळीच हिंग घेतला, त्या कागदावर लिहिली. पोराला पोरगा आवडो, पोरीला पोरगी, जीव लागणं आजार नसतो. रोगापासून जपायचं मात्र सगळ्यांनीच."

भागवतने विचारलं, "बाई, उत्तर माहीत होतं तर विचारलं कावून?"

"तुमी विचारणार न्हाई म्हणून."

वर्ग हसला. संगमेशही, जरा उशिरानं.

संध्याकाळी भामाबाई दुकानात आल्या. गल्ल्यावर संगमेश एकटाच होता.

"हिंगाची एक पुडी दे, बाबा. सकाळचं खोटं खरं करायचंय."

त्याने पुडी बांधली, दोन कागदांत.