शेवंताबाईंच्या अंगठ्याची दोरी

मी पाळण्याची दोरी बोलतेय. पाळणा नव्हे, दोरी. पाळण्याचं कौतुक गावभर होतं. बारशाला त्याला फुलांच्या माळा चढतात, फुगे लागतात, फोटो निघतात. माझ्या वाट्याला हात येतो, तोही ओढायला. त्या हाताची थोरवी माणसं भाषणात सांगतात. दोरीला काय वाटतं, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. म्हणून आज न विचारता सांगतेय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

माझा जन्म शिरोळचा, साल त्र्याण्णव. मी बाजारातून विकत आणलेली नाही, हे आधी ध्यानात घ्या. शेवंताबाईंनी आपल्या तीन जुन्या लुगड्यांचे काठ उसवले, दाराच्या पायरीवर बसल्या, काठांची टोकं पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि वेणी घालावी तशी मला विणलं. एक काठ हिरवा, एक जांभळा, आणि तिसरा मुळात कोणत्या रंगाचा होता ते धुऊन धुऊन कळेनासं झालेलं. त्या तिसऱ्या काठावरून हात फिरवताना त्या जरा थांबल्या होत्या. का थांबल्या, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्यांची सून प्रीती तेव्हा बाळंतपणाला माहेरी, मलकापूरला होती. सव्वा महिन्याचं पोर घेऊन ती आली. विहारातली माणसं आली, वंदना झाली, पोराचं नाव प्रसेनजीत ठेवलं. आणि आत्ता डोळे मिटून शांत बसलेली तीच माणसं उठून एकेक करून मला ओढू लागली. पोर झोपलंय का, जागं आहे का, त्याला हलायचंय का, कशाची चौकशी नाही. पाळणा दिसला की ओढा. पुढंही तेच. पावणं येणार, आधी मला हिसडा देणार, मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावणार.

दिवसाचं मी सोसलं. रात्रीचं मात्र माझ्या पिळापिळात बसलंय.

रात्री शेवंताबाई पाळण्याखाली अंथरूण टाकायच्या आणि मला अंगठ्यात अडकवून आडव्या व्हायच्या. त्याचा त्यांना केवढा अभिमान. "मी चार पोरं ह्या अंगठ्यावर वाढवली. माझ्यापुढं कोन शानपना करतंय?" असं त्या म्हणायच्या आणि घोरायला लागायच्या. झोपेतही अंगठा हलायचा. तशीच रीत होती त्यांची, आणि गावात आणखी शंभर घरांची.

आता मी सांगते ते नीट ऐका. झोपलेलं पोर मधूनमधून झोपेतून थोडं वर येतं. तुम्हीही येता. कूस बदलता, गोधडी ओढता, पुन्हा खाली जाता. सकाळी तुमच्या लक्षातही राहत नाही. पोराचंही तेच असतं. ते ऊं करतं, मूठ तोंडात घालतं, डोळा किलकिला करून आढ्याकडं बघतं. त्याला तेवढं करू दिलं की ते आपल्या पायानं परत झोपेत उतरतं. पण उतरू देतंय कोण? प्रसेनजीतनं ऊं म्हणायच्या आत मी ताणली जायची, पाळण्याला हिसका बसायचा आणि निम्म्या वाटेवरचं पोर खडबडून वर यायचं. कधी तर ते गाढ झोपलेलं असायचं. शेवंताबाई स्वप्नात उसाची भांगलण करायच्या, तण उपटता उपटता पाय झाडायच्या, की बसलाच हिसका. पोर भोकाड पसरायचं. मग आणखी जोरात झोके. आणि झोके थांबले की पुन्हा रडं, कारण हलल्याशिवाय झोपायचं असतं हे त्याला कुणी कळूच दिलं नव्हतं.

आणि सकाळी हीच बाई दारात उभी राहून गल्लीला सांगणार, "आमचा नातू लई किरकिरा."

मला जीभ असती तर त्या दारातच चालवली असती.

दोष कुणाच्या माथी गेला? प्रीतीच्या. दुसरं कुणाच्या जाणार? तिचं दूध पातळ. तिचं माहेर पावसाचं, म्हणून पोराला गारठा बाधला. ती गरोदरपणी फार झोपली, म्हणून आता पोर झोपत नाही. गल्लीत ज्यांनी उभ्या जन्मात रात्री पाळण्याला हात लावला नव्हता, त्या बाप्या माणसांनीसुद्धा मत दिलं. शेजारच्या बनाबाईंनी मीठमोहरी उतरायला सांगितली. तेव्हा शेवंताबाईंचे मालक केरबा, एरवी पानाच्या डबीतून डोकं वर न काढणारे, म्हणाले, "दिष्टबिष्ट ह्या उंबऱ्याच्या भायेर." तेवढं एक बरं झालं.

प्रीतीनं एकदा सासूला विचारलं, "आत्या, दूध पातळ असतं तर दिवसा कसं गप झोपतंय त्ये?"

"दिवसा मी शेतात असतो, घरात न्हाय म्हून," शेवंताबाई म्हणाल्या आणि भाकरी मोडून खाऊ लागल्या. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. प्रीतीच्या मात्र आलं. तिनं वर माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच माणसानं मला ओढायला हात घातला नाही, नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी थापत होती. पाळण्यात पोर कुरकुरलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. ती उठू लागली, तर तव्यावरची भाकरी करपायला आली. तिनं ती उलटली, हात धुवायला तांब्या ओढला, आणि तोवर आवाज बंद. भिऊन ती धावली. पोर मूठ चोखत, पापण्या मिटत झोपेत उतरत होतं. मी सरळ लोंबत होते. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला कुणी हिसका दिला नव्हता आणि पोर आपलं आपण झोपलं होतं. प्रीती पिठाचे हात तसेच धरून किती तरी वेळ उभी राहिली. मागं भाकरीचा कोळसा झाला. त्याबद्दल तिला बोलणी बसली, तर ती हसली.

पण सासूला सांगणार कोण? सून सांगते म्हणजे शिकवते, आणि शिकवते म्हणजे माजली. असा हिशेब असतो घराघरात. मी रागानं ताठ व्हायची, पण दोरीच्या ताठपणाचा उपयोग काय?

मग ती संध्याकाळ आली. उसाचा हंगाम भरात होता. पोराचा बाप अतुल ट्रॅक्टरवर. रात्रंदिवस ट्रॉल्या कारखान्यावर न्यायच्या. घरी चार घटका पाठ टेकावी, तर डोक्याशी पाळणा कुरकुरतोय, पोर रडतंय, आई झोके देतीय. त्या दिवशी स्टेअरिंगच्या चाकावरच त्याचा डोळा लागला. भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर कॅनॉलच्या कडेला गेला आणि एका बाभळीला अडकून थांबला. बाभूळ नसती तर आज मी ही गोष्ट सांगत नसते. अतुल घरी आला आणि भिंतीला टेकून बसला.

बातमी ऐकून बनाबाई पदराआड बाटली घेऊन आल्या. "सर्दीचं औषध हाय. माझी भाची तिच्या पोराला देती. एक चमचा पाजायचा, पोरगं सकाळपातूर हालत न्हाय."

"दे आई," अतुल म्हणाला. "आज कॅनॉलात गेलो असतो. मला झोप पायजे."

प्रीती पाळण्याच्या आडवी उभी राहिली. "पोराला औषध त्येच्या दुखण्यासाठी पाजत्यात. आपल्या झोपंसाठी न्हाय."

"नवरा मेला तर चालंल व्हय तुला?" बनाबाई म्हणाल्या.

असं बोलणाऱ्या तोंडाला काय म्हणावं? पण प्रीती जागची हलली नाही. बाटली एव्हाना शेवंताबाईंच्या हातात आली होती, आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. मला वाटलं, संपलं. ही बाई सुनेचं ऐकायची नाही.

शेवंताबाईंनी विचारलं, "हालत न्हाय म्हंजे?"

"म्हंजे दगडावानी पडतंय. ऊं न्हाय, चूं न्हाय."

शेवंताबाई उठल्या. मोरीत गेल्या. बाटली उपडी केली, वर दोन तांबे पाणी ओतलं आणि रिकामी बाटली बनाबाईंच्या हातात ठेवून म्हणाल्या, "ऱ्हा, च्या पिऊन जा." बनाबाई चहा न पिताच गेल्या.

प्रीतीला जरा बळ आलं. "मग आत्या, आज दोरीबी माझ्याकडं द्या. त्येला झोपायला येतंय. आपुनच उठवतोय."

"माझी दोरी नगो झाली तुला?"

"दोरी पायजे की. हिसका नगो."

"चार पोरं वाढवली मी."

"व्हय. आनि माझं एकच हाय. एक रात द्या."

शेवंताबाई तोंड फिरवून अंथरूण झटकू लागल्या. त्यांचा होकार एवढाच असतो, हे प्रीती शिकली होती. तिनं अतुलला गोधडी देऊन बनाबाईंच्याच ओट्यावर झोपायला धाडलं. मला पाळण्यावरून सोडलं. आता लपवायची कुठं? उशीखाली ठेवली तर सासू काढून घेणार. तिनं मला आपल्या अंबाड्याभोवती गुंडाळलं आणि गाठ मारली. सुनेच्या केसाला हात घालणारी शेवंताबाई नव्हती. बसा आता.

पोराला तिनं पोटभर पाजलं, लंगोट बदलला, आणि झोप पुरती लागायच्या आत, डोळे अर्धे उघडे असताना पाळण्यात ठेवलं. पोटावर तळवा ठेवून म्हणाली, "नीज बाबा, सगळी हाईत हितं." आणि हात काढून बाजूला पडली.

खोटं सांगणार नाही, पोरानं घर डोक्यावर घेतलं. ते बोभाटायला लागलं की प्रीती उठायची, तळवा ठेवायची, तेच शब्द म्हणायची. भूक दिसली तेव्हा अंधारातच पाजलं, लाड नाही, गप्पा नाहीत. पण नुसतं कुरकुरलं की पडल्या पडल्या दात आवळून थांबायची. अंबाड्यातून मला तिच्या मानेची शीर उडताना कळत होती. थांबणं म्हणजे आळस असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी थांबून बघावं.

मध्यरात्रीनंतर पोर ऊं म्हणालं, पुटपुटलं, आणि गप झालं. झोके नाहीत, हिसका नाही. आपल्या पायानं उतरलं.

आणि शेवंताबाई उठल्या. पाळण्याशी गेल्या, दोन बोटं पोराच्या नाकापुढं धरली. परत आल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा बोटं धरली. अंधारात अंगठा आपला आपण हलत होता, दोरीशिवाय.

"आत्या, झोपलंय त्ये."

"हाललं न्हाय तर कळायचं कसं गं?" शेवंताबाई म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेव्हा केरबा अंथरुणातून बोलले. "चार म्हनती ती. पाच व्हती, प्रीती. मदलं पाळण्यातच गेलं. रातभर ऊं केलं न्हाय त्येनं. ही दमून झोपलीती."

 माझा तो तिसरा काठ, रंग नसलेला, त्या मधल्याच्या पाळण्यात अंथरलेल्या लुगड्याचा होता, ते मला त्या रात्री कळलं. तेव्हाही मला रागच आला. बाईनं इतकी वर्षं हे पोटात ठेवलं, आणि गल्लीनं तिला फक्त मीठमोहरी आणि बाटल्या दिल्या. त्या हिसक्यांनी ती पोराला झोपवत नव्हती. पोर आहे का, एवढं विचारत होती.

प्रीतीनं अंबाडा सोडला. माझं एक टोक सासूच्या अंगठ्यात अडकवलं आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधलं.

"तुमाला वाटलं की वढा. पोराला नगो, मला. मी उठून बघतो आनि सांगतो."

त्या रात्री शेवंताबाईंनी मला किती वेळा ओढलं याची मोजदाद नाही. दर वेळी प्रीती उठली, पाळण्यात वाकली, म्हणाली, "हाय, आत्या, हाय." पुढच्या रात्री कमी. त्याच्या पुढच्या रात्री आणखी कमी. अतुल ओट्यावरून घरात आला. हंगाम सरेपर्यंत त्याचा डोळा चाकावर लागला नाही. मी मात्र दोन बायकांना निजवत बसले. पाळण्याच्या दोरीनं हे काम करायचं असतं का? पण करत होते.

धाकटी अक्षता झाली, तेव्हा तिच्या पाळण्याला मला बांधलंच नाही. शेवंताबाईच आल्यागेल्याला हात वर करून सांगायच्या, "वढू नगंस. बोलू दे तिला. बोलंल आनि झोपंल." जणू ही अक्कल त्यांच्या माहेराहून आली होती. प्रीती काही म्हणायची नाही. मी म्हणते, कारण मला कुणाची भीती नाही.

दोन हजार पाच सालच्या पुरात पाळणा गेला. मी वाचले, कारण शेवंताबाईंच्या पिशवीचं तोंड माझ्यानं बांधलेलं होतं आणि मी त्यांच्या मांडीवर ट्रॉलीत बसले होते. आता माझे धागे निघालेत. हिरवा आणि जांभळा ओळखू येत नाहीत. तिन्ही काठ एकाच रंगाचे झालेत.

तुमच्या घरात तान्हं पोर असेल तर माझं एवढं ऐका. ते कुरकुरलं की आधी कान द्या, मग हात द्या. त्याला भूक असेल तर पाजा, भ्यालं असेल तर तळवा ठेवा, पण झोपेत चाललेल्याला हिसका देऊन माघारी बोलावू नका. आणि पोराची आजी रात्री सारखी उठत असेल, तर तिच्यावर हसायच्या आधी तिला विचारा, पोरं किती झाली.

शेवंताबाई आता अंथरुणावरच असतात. त्यांचं दिसणं कमी झालंय, ऐकणं मात्र जसंच्या तसं. मी अजून कामावर आहे. माझं एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं प्रीतीच्या. पण आता ओढते ती प्रीती. अपरात्री तिला जाग येते, पलीकडून श्वास ऐकू येत नाही असं तिला वाटतं, आणि ती मला हळूच ताणते.

पलीकडून शेवंताबाई खेकसतात, "हाय गं, हाय. झोप की."