उघडा राहिलेला ढीग

"भावजी, कुदळ जरा हळू घाला! हॉपचं गड्डं हायती, बटाटं न्हवं!" हेडविका वहिनी सकाळपासून माझ्यावर ओरडत होती.

तिचं खरंच होतं. हा हॉपचा मळा माझ्या थोरल्या भावानं, ओताकारनं, चाळीस वर्षांपूर्वी लावला. तो गेला आणि आता ते रानही नव्या तळ्याखाली जाणार होतं. बिअरला कडूपणा देणारा हा वेल थंडीत वरून वाळतो, जमिनीत गड्डा तेवढा जिवंत राहतो. हलवायचा तर तेव्हाच. म्हणून आम्ही दीर-भावजय फेब्रुवारीत साडेतीनशे गड्डे उपटून टेकाडापलीकडच्या तांबड्या रानात नेत होतो.

दुपारी ती तिकडे खड्ड्यांच्या खुणा करायला निघाली. "घरला जायच्या आदी उपटलेल्या गड्ड्यांच्या ढिगावर माती वडा. उघडा ठिवू नगा, गारठ्यानं मरत्याल."

"वहिनी, मी काय काल जलमलो व्हय?"

मी ओढणारच होतो. पण शेजारच्या क्रिश्तोफकडे डुक्कर कापलं होतं. कुंपणावरून तो म्हणाला, "वाटीभर रस्सा खाऊन जा की! ढीग काय पळून जातोय?" एका वाटीच्या तीन झाल्या, वर आलुबुखाराची दारू. मी तसाच घरी जाऊन झोपलो. त्या रात्री बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं.

सकाळी धावत गेलो. एक गड्डा चाकूनं चिरला. आत पांढरा हवा तो तपकिरी, शिजल्यासारखा. ढिगाच्या पोटातले आणखी दोन चिरले, तेही तसेच. तिन्ही खिशात घातले आणि ढिगावर माती ओढली. इतका हलकटपणा मी जन्मात केला नव्हता.

वहिनी आली. "किती निगुतीनं झाकलाय ढीग! तुमचं भाऊ बी असंच करायचं." मी गड्डे पोत्यात भरायला लागलो. पुढे आठवडाभर ती जमिनीची गोठलेली पापडी फोडून खड्डे खणत होती, मी त्यात मेलेले गड्डे बसवत होतो. आणि दुपारी तिच्याच हातचं बटाट्याचं सूप ओरपत होतो.

मे महिन्यात क्रिश्तोफचे वेल तारांवर डोक्याच्या वर गेले. वहिनीच्या रानात एक कोंब नाही. रविवारी चर्चबाहेर ती बायकांना सांगत होती, "गड्ड्यांचा काय दोस? माजाच हातगुण वाईट. त्यांच्या हातचं चाळीस वरीस जगलं, माजा हात लागला आन् मेलं. आता मी काय बी लावायची न्हाई."

मग मात्र मला राहवेना. घरी जाताना वाटेतच सगळं सांगितलं, क्रिश्तोफचा रस्सा, दारू, चिरलेले गड्डे.

वाटलं, ती माझी गचांडी धरेल. ती नुसती थांबली आणि आपले तळहात बघत राहिली. कुदळीचे घट्टे अजून गेले नव्हते.

"म्हंजी लावायच्या आदीच ठावं हुतं तुमास्नी?"

"व्हय, वहिनी."

"मग साडेतीनशे खड्डं माज्याकडनं कशापायी खणून घेतलं, भावजी?"