पाण्याच्या उताराने

"दाराला कुलूप लाव म्हणून किती दिवस कानीकपाळी ओरडतेय मी," लेक पुलावर येऊन म्हणाली.

"कुलूप कपाटाला लावतात. तुझे बाबा काय कपाट आहेत?" मी ओढ्यावरची नजर न काढता म्हटलं. "येतील. रोज येतात ना?"

हातात थर्मास होता. थंडी मरणाची होती आणि दिवस कलायला लागला होता.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी ओढ्यांच्या मागे चालण्यात गेली. ओढा कुठे उगम पावतो, त्याला कोण कोण येऊन मिळतं, टेकडीच्या धारेवरून कुठलं पाणी अलीकडे उतरतं नि कुठलं पलीकडे, ते पायी हिंडायचं आणि नकाशावर काढायचं. लग्नानंतर मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते टेकडीच्या धारेवर. म्हणाले, "इथे थुंकलीस तर निम्मी थुंकी आपल्या पुलाखालून जाईल, निम्मी परक्या गावात." हा आमचा प्रणय. तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. आता आठवलं की हसू येतं, आणि हसता हसता रडू.

लेक लहान असताना तिला एकच शिकवण. "हरवलीस तर घाबरायचं नाही. ओहोळ शोधायचा, पाण्याच्या उताराने चालायचं. टेकडीच्या ह्या अंगाचं सगळं पाणी आपल्या पुलाखाली येतं. आई तिथे उभी असेल."

मग त्यांची आठवण जायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग घराचा पत्ता, मग मी. "बाई, चहा छान करता तुम्ही," म्हणायचे. पण उतार काही विसरले नाहीत. सकाळी माझा डोळा चुकवून टेकडीवर जायचे आणि संध्याकाळच्या आत ओढ्याच्या काठाकाठाने पुलावर हजर. कठड्याशी बूट काढायचे, मोजे बुटात, टाचा भिंतीला. त्यांच्या लेखी घर आलेलं असायचं. चहा पाजून मी त्यांना हाताला धरून तसंच अनवाणी घरी न्यायची. लोक हसायचे. हसोत बापडे.

"आई, ओढ्याला पाणी एवढंच कसं?" लेकीने विचारलं.

मीही तेच बघत होते. खालचे दगड उघडे पडले होते.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचा रोलरवाला सायकलवरून घरी चालला होता. तो थांबला. "वरचा ओहोळ आता इकडे येत नाही, काकू. नव्या रस्त्यासाठी टेकडी कापली ना, तेव्हा तो पलीकडे वळवला. आज सकाळीच सोडलं पाणी."

मी लेकीचा हात धरून गाडीकडे धावले. हे त्या पाण्याच्या मागे पलीकडे गेले असणार. दुसरीकडे जाणारच नाहीत.

लेकीने गाडी कशी हाकली ते तिलाच ठाऊक. टेकडीला वळसा घालून पलीकडच्या पुलावर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. कठड्याला टेकून हे बसले होते. अंगावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. मी हाक मारली, गालाला हात लावला. गाल गार पडला होता, आणि समजलं.

पुलाजवळचा पंक्चरवाला पुढे आला. "दुपारपासून बसले होते हो. म्हटलं, आजोबा, दुकानात बसा, शेगडी आहे. तर ऐकेनात. म्हणाले, आमची ही येईल आता चहा घेऊन, मी दिसलो नाही तर घाबरेल. मघाशी घोंगडी टाकली तेव्हा वाटलं, डोळा लागलाय."

आमची ही, म्हणाले. एवढ्या दिवसांनी म्हणाले आणि ऐकायला मी नव्हते. मी त्या पुलावर, ते ह्या पुलावर.

लेक हुंदके देत खाली बसली. कठड्याशी बूट होते, मोजे बुटात, टाचा भिंतीला. ती ते त्यांच्या पायात चढवायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "घरी आल्यावर कुणी बूट घालतं का?"

बूट मी उचलून घेतले. दुसऱ्या हातात थर्मास होता. चहा अजून गरम होता.