हादग्याचा डबा

ईट गावातला हादग्याचा आठवडा कमलबाईंनीच गाजवायचा, असं जणू ठरूनच गेलं होतं. दिवसा देवळापुढं रांगोळ्या, संगीत खुर्ची, पोरींचा खो-खो. संध्याकाळी पाटावरच्या हत्तीभोवती फेर, आणि शेवटी खिरापत. डब्यात खायला काय आणलंय, ते सगळ्यांनी ओळखायचं. कमलबाई डबा कानाशी धरून एकदा हलवायच्या अन् सांगून मोकळ्या व्हायच्या. यंदाही सहा दिवसांत एकदासुद्धा चुकल्या नव्हत्या.

सातव्या दिवशी खिरापत त्यांची होती. काठोकाठ भरलेला डबा त्यांनी फडक्यात गच्च बांधून आणला.

"हात लावायचा न्हाय," त्यांनी दरडावलं. "बसल्या जागी ओळखा."

"करंज्या!" "शंकरपाळ्या!" "चिवडा!"

"न्हाय, न्हाय, न्हाय!" कमलबाईंना चेवच चढला.

शेवटी बायकांनी हात टेकले. कमलबाईंनी ऐटीत गाठ सोडली, झाकण उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. आत ज्वारीचं बियाणं होतं.

तेवढ्यात त्यांचे मालक हिंमतराव पेरणी सोडून मोटारसायकलवर आले. हातात अगदी तसाच स्टीलचा डबा, पण रिकामा.

"भोपळ्याच्या घाऱ्या लई झ्याक झाल्या व्हत्या," ते म्हणाले. "पेरता येईनात, म्हणून आमी खाऊन टाकल्या. आता बियाणं दे."

देवळापुढं हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. कमलबाईंनी बियाण्याचा डबा नवऱ्याच्या हातात आदळला आणि पदर खोचून त्या बायकांकडं वळल्या.

"दात काय काढताय? घाऱ्या कुणी ओळखल्या का? न्हाय ना? मग जिंकलं कोण?"