वायुबाबांचा वजनकाटा

शिंप्याच्या दुकानापुढे सकाळपासून रांग होती आणि एकाच्याही हातात कापड नव्हतं. शिंप्याची कॉलेजात जाणारी मुलगी कित्येक आठवडे धड जेवली नव्हती, तरी तिचं वजन तसूभर घटत नाही, हा चमत्कार पाहायला गर्दी जमली होती. बराच वेळ थांबावं लागेल म्हणून प्रत्येकाने डबा आणला होता. न जेवणारी मुलगी बघायला आलेले लोक रांगेतच पोटभर जेवत होते. माझं चष्म्याचं दुकान समोरच, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसायचं.

हा शोध वायुबाबांचा. पायघोळ झगा उसवला म्हणून ते दुकानात आले, मुलीला पाहिलं आणि तिथेच ठाण मांडून बसले.

"जेवण ही निव्वळ सवय आहे," ते रांगेला सांगत होते. "हिला हवा लागू पडली. डाव्या नाकपुडीने नाश्ता, उजवीने जेवण."

"आणि सर्दी झाली तर?" मी विचारलं.

"कडक उपास," बाबा शांतपणे म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

मुलगी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसली होती. ओठ निळसर पडले होते. मी शिंप्याला हळूच म्हटलं, "पोरीला डॉक्टरकडे ने."

तो म्हणाला, "रागावलो, हातापाया पडलो, ताटापुढे बसवून ठेवलं. काही उपयोग झाला नाही. मग बाबा म्हणाले, हा आजारच नाही. तेव्हा कुठे मला झोप लागली."

त्या दुपारी त्याची बहीण परगावाहून आली. ती मानसोपचारतज्ज्ञ. तेवढ्यात वजनाची वेळ झाली. बाबांनी मुलीला काट्यावर उभं केलं, मागे अगदी खेटून उभे राहिले आणि डोक्यावर हात ठेवला. काटा नेहमीच्या आकड्यावर. टाळ्या पडल्या.

"बाबा, दोन पावलं मागे सरा," आत्या म्हणाली.

"माझी ऊर्जा तुटेल."

"दादा, यांचा झगा खालून पुन्हा उसवलाय बघ."

शिंपी सवयीने वाकला आणि त्याने किनार उचलली. काट्याच्या कडेवर बाबांचा अंगठा दाबून बसला होता. पाय दचकून मागे गेला तसा काटा सर्रकन खाली आला.

"म्हणजे इतके दिवस वजन बाबांचं भरत होतं का?" रांगेतल्या एकाने विचारलं.

बाबा सटकले. जाताना कुणाचा तरी भरलेला डबाही घेऊन गेले.

मुलगी आत्याला बिलगली. "मला हे उपाशी राहणं थांबवताच येत नाही गं. आरशात मी जाडच दिसते. खायचं म्हटलं की भीती वाटते. आणि हे सगळे टाळ्या वाजवतात."

"हा हट्ट नाही, दादा," आत्या म्हणाली. "आजार आहे. यावर खूप संशोधन झालंय. तुझी चूक नाही, तिचीही नाही. पण आधी हिचं हृदय तपासायचं. आत्ता."

मुलगी दवाखान्यात राहिली. पुढे घरी आईबापांनी रोज तिच्यासोबत बसून जेवायचं, न भांडता, न सोडता. आणि आत्याने सुचवलेल्या तज्ज्ञ बाईंशी तिने मनातली भीती बोलायची, असे उपचार चालले. कधी ताट तसंच राहायचं, शिंपी रडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट मांडायचा. सुधारायला फार वेळ लागला. अजूनही काही दिवस तिला अवघड जातात, पण ती परत कॉलेजात जाते.

तुमच्या घरात कुणी जेवणाला घाबरू लागलं, तर त्याचं कौतुक करू नका, त्याला ओरडूही नका. डॉक्टरकडे न्या. हवेवर माणूस जगत नाही. आणि तसं सांगणारा तर मुळीच जगत नाही.