पार्कवाले

तिकीटखिडकीतल्या मुलीनं टेकचंदच्या मनगटाभोवती निळी कागदी पट्टी गुंडाळली. शर्टाची बाही मध्ये येत होती म्हणून चिकटवण्याआधी तिनं त्याचा हात जरा उचलून धरला. टेकचंदनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"आम्ही नवेगाव बांधचे. पार्कवाले."

"हां अंकल, पार्क का ही बँड है," मुलगी म्हणाली. "पानी में भी नहीं निकलेगा. आगे चलिए."

शामकलानं हात पुढे केला. पट्टी तिच्या हिरव्या बांगड्यांत अडकली, मग बसली. फाटकातून आत शिरल्यावर ती हळूच म्हणाली,

"तुमी त मनत होते, पार्कवाल्याइकून तिकीट घेत नाई मनून."

"पोरगी नवी आहे," टेकचंद म्हणाला.

पार्कच नवं होतं. गोरेगावच्या पुढे, रस्त्याला लागून जिथं परवापरवापर्यंत धान उभा असायचा, तिथं आता लाल-पिवळ्या घसरगुंड्या ताडापेक्षा उंच गेल्या होत्या. लाटांच्या हौदातून पोरांचा गलका उठत होता. बाहेर शाळांच्या बसगाड्या रांगेनं उभ्या होत्या. टेकचंदनं येतानाच त्यांच्यावरची नावं वाचली होती. त्यातल्या निम्म्याअधिक शाळा मागच्या वर्षीपर्यंत त्याच्याकडे येत होत्या.

पूर्वी या भागात तिघंच होते. नवेगाव बांधला टेकचंद, तिरोड्याला मनिराम आणि आमगावच्या रस्त्याला भैयाजी. तिघांचीही पार्कं म्हणजे एक आकाशपाळणा, एक घोड्यांची चकरी, घसरगुंड्या, छोट्या रुळांवरची गाडी आणि झाडं. एकमेकांच्या फाटकावर तिकीट काढायचं नाही, हे कोणी ठरवलं नव्हतं. सोमवारी गर्दी नसायची, तेव्हा ते बायकापोरांना घेऊन एकमेकांकडे जात, आणि तिथला मालक स्वतः पाळणा सुरू करून त्यांना बसवी. मनिरामची मोटर ऐन दिवाळीत जळली, तेव्हा टेकचंदनं आपली छोटी गाडी बंद ठेवून तिची मोटर तिरोड्याला धाडली होती. दुसऱ्याच्या पार्कात काही सैल झालेलं, गंजलेलं दिसलं, तर मालकाला बाजूला घेऊन सांगायचं. गिऱ्हाइकाजवळ त्याचा शब्द काढायचा नाही. भैयाजीनं पार्क बंद केलं त्या दिवशी दोघंही गेले होते. भैयाजीनं त्यांना पाळण्यात बसवून बराच वेळ फिरवलं, आणि ते उतरल्यावर त्यांच्यासमोरच मोटरची वायर कापली. पुढे मनिरामही गेला. त्याचा पाळणा भंगारवाल्यानं गॅसकटरनं तुकडे करून नेला.

टेकचंदचा पाळणा अजून उभा होता, पण दिवाळीपासून बंद. वरच्या अंगाला, तो ज्यावर फिरतो त्या मधल्या दांड्याजवळ, फिरताना कटकट आवाज यायला लागला होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, झाल्या, तेवढे दिवस त्यानं चकरी आणि छोट्या गाडीवर निभावून नेले. पाळण्यातलं कळणारा माणूस आता आसपास राहिला नव्हता. होता तो एक फिटर या नव्या पार्कात, आणि त्याच्यावर साहेब होता मनिरामचा पोरगा प्रफुल.

प्रफुलनंच त्यांना पाहिलं. कंपनीचा टीशर्ट, कमरेला वॉकीटॉकी. लांबूनच धावत आला, वाकून दोघांच्या पाया पडला आणि टेकचंदच्या मनगटाकडे पाहून थबकला.

"काकाजी, तुमी तिकीट काढलं? फोन त करायचा ना जी!"

"राहू दे."

"राहू दे कसं? थांबा, मी परत करवतो."

"प्रफुल," टेकचंद म्हणाला, "राहू दे बाबा."

प्रफुलनं त्यांना सगळं हिंडून दाखवलं. पाणी गाळायची यंत्रं दाखवली, लाटा उठवणारी खोली दाखवली. शामकलानं लुगडं जरा वर धरून हौदाच्या कडेला पाय ओले केले. एक लाट आली आणि तिच्या पोटऱ्यांपर्यंत भिजवून गेली. ती मोठ्यानं हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. टेकचंदनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. कितीतरी दिवसांत तो आवाज त्याच्या कानावर पडला नव्हता.

लहान मुलांच्या घसरगुंडीजवळ तो थांबला. जिथं दोन तुकडे जोडले होते तिथं त्यानं तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. मग प्रफुलला खांद्याला धरून बाजूला नेलं.

"सांध्याची कड वर आली आहे. कोन्या लेकराची पाठ सोलन."

प्रफुलनं स्वतः हात लावून पाहिला. लगेच वॉकीटॉकी काढली. थोड्याच वेळात घसरगुंडीच्या तोंडाशी दोरी बांधली गेली.

"बाबा असेच हात फिरवत," प्रफुल म्हणाला.

मग कँटीनमध्ये त्यानं दोघांना जेवायला बसवलं. तिथं टेकचंदनं पाळण्याचं सांगितलं. फिटरला एक दिवस पाठवता येईल का, एवढंच विचारलं. प्रफुलनं ताटातला भात बोटानं गोळा केला, पुन्हा पसरला.

"कंपनीचा मानूस बाहेर नाई देता येत, काकाजी. नागपूरले लिहा लागते, ते नाईच मनतीन." थोडं थांबून तो म्हणाला, "सोमवारी माई सुट्टी आहे. मीच येतो त्याले घेऊन. कोनाले सांगू नका."

परतीच्या एसटीत शामकला म्हणाली, "मनिरामभाऊचा पोरगा आहे शेवटी." टेकचंद खिडकीबाहेर पाहत राहिला. होकाराची मान मात्र त्यानं हलवली.

सोमवारी प्रफुल खरंच आला. फिटर वर चढला, मागोमाग टेकचंद चढला. शामकला खाली मान वर करून उभी राहिली. फिटरनं दांड्यावरचं जुनं ग्रीस खरवडून काढलं, रॉकेल फासलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. दांडा पांढरा झाला. हळूहळू, चिरेत मुरलेलं रॉकेल वर येऊन, त्या पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक. दांड्याला अर्धा वेढा घालून ती पाठीमागे गेली होती.

"टॉर्च धरा जरा," प्रफुल म्हणाला. टेकचंदनं धरला. प्रफुलनं मोबाइलवर फोटो काढला. "नागपूरच्या वर्कशॉपले दाखवतो. काही होते का ते पाहतो."

पण खाली उतरल्यावर हात धुताना त्यानंच सांगितलं,

"काकाजी, याच्यात कोनाले बसवू नका. रिकामाही फिरवू नका. दांडा बदलायचा मनजे पुरा पाळना उतरवा लागन."

"आनि उतरवल्यावर?"

प्रफुल हात पुसत राहिला.

शामकलानं तलावातली मासोळी आणि भात रांधला होता. प्रफुल पोटभर जेवला, दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. जाताना चकरीजवळ थांबला आणि एका लाकडी घोड्याच्या कानावरून हात फिरवत फिटरला म्हणाला, "लहानपनी मी याच्यावरून उतरतच नवतो." फिटर हसला. त्यांची मोटरसायकल दिसेनाशी होईपर्यंत दोघं नवराबायको फाटकात उभे होते.

त्यानंतर आठवडा-पंधरवडा गेला असेल. अर्जुनी मोरगावच्या शाळेतल्या इंद्रकुमार सरांचा फोन आला. दर हिवाळ्यात त्यांची सहल टेकचंदकडे यायची. सर इकडचं तिकडचं बोलले, तब्येत विचारली, धान किती झाला ते विचारलं.

"टेकचंदभाऊ, एक विचारायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "त्या नव्या पार्कातून रुची मॅडमचा फोन आला होता. त्या सगळ्याच शाळांना करतात. त्यांनी एक फोटो पाठवला आहे. तुमच्याकडचा आहे म्हणतात. मी तुम्हाला धाडला, पाहा बरं."

टेकचंदनं फोन कानापासून काढला आणि डोळ्यांजवळ धरला. पांढरा दांडा, त्यावर ती रेघ. कडेला टॉर्च धरलेला हात होता. अंगठ्याचं फाटलेलं नख त्यानं लगेच ओळखलं.

"हॅलो? भाऊ?"

"माया पार्कातलाच आहे, सर."

सरांना बहुधा दुसरं काही ऐकायचं होतं.

"पाळना मी दिवाळीपासूनच बंद ठेवला आहे," टेकचंद म्हणाला. "पन त्याइनं सांगतलं ते खरं आहे."

"मग यंदा... म्हणजे पालकांपर्यंतही गेला आहे तो फोटो. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"तिकडंच न्या. चांगलं पार्क आहे, मी पाहून आलो. पान्याजवळ लक्ष द्याले मानसं उभी राहतात."

सर काहीतरी पुटपुटले. आभार मानले असावेत. मग जरा चाचरत म्हणाले, "आम्ही पहाटेच निघणार. मुलं घरून काही खाऊन येत नाहीत. वाटेत तुमच्याकडे नाश्त्यापुरतं थांबलो तर चालेल? मुली आहेत, हायवेवर त्यांची सोय होत नाही."

"थांबा ना," टेकचंद म्हणाला.

शामकला जवळच सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. टेकचंदनं फोटो दाखवला, तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली.

"माया हातची मासोळी खाऊन गेला तो," ती म्हणाली.

"त्यानंच दिला असन कायवरून? कोनी मागितला असन. साहेब लोकं मागतात."

"आनि तुमी तिकडंच न्या मनून काऊन सांगतलं?"

"मंग काय सांगू? पाळन्यात बसाले या मनू?"

सूप तिनं इतक्या जोरानं झटकलं, की कोंड्याबरोबर तांदूळही उडाले. टेकचंदनं मोबाइलमध्ये प्रफुलचं नाव काढलं. नावावर अंगठा ठेवून बसला आणि मग मोबाइल खिशात टाकला. प्रफुलचाही फोन आला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

सहलीच्या दिवशी तलावावरून आलेलं धुकं झाडांत अडकून राहिलं होतं. शामकला अंधारातच उठली होती. तिनं आवार झाडलं, संडास फिनाईलनं धुतले, मुलींच्या बाजूला बादल्या भरून ठेवल्या. टेकचंदनं फाटकाची दोन्ही दारं उघडून दगड लावले. बस आत आली.

पोरं खाली उड्या टाकत उतरली. झाडाखाली गोल करून बसली, डबे उघडले. पोह्यांचा, तिळाच्या चटणीचा वास पसरला. शामकला पाण्याची बादली घेऊन प्रत्येक रांगेत फिरली. कुणाला झाकण उघडून दिलं, कुणाला दुसरा पेला भरून दिला. मुली घोळक्यानं मागच्या बाजूला गेल्या आणि हात झटकत परत आल्या.

खाऊन झाल्यावर पोरं पांगली. काही घसरगुंडीवर चढली. सात-आठ जण चकरीच्या घोड्यांवर जाऊन बसले, एक मुलगी घोड्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "काका, चालू करा ना!"

टेकचंद स्विचच्या पेटीजवळ गेला. पेटीचं झाकण त्यानं उघडलं.

"ए, उतरा खाली," इंद्रकुमार सरांनी टाळी वाजवली. "इथंच दमलात तर तिथं काय खेळाल? चला, बसमध्ये." मग टेकचंदजवळ येऊन ओशाळून म्हणाले, "उशीर होतो, भाऊ. तिथं दहाला आत घेतात."

"हो जी, बरोबर आहे," टेकचंद म्हणाला आणि झाकण लावलं.

पोरं उतरली. ती मुलगी शेवटी उतरली. बसच्या दारात सर पुन्हा वळले, काही बोलावं असं त्यांच्या मनात आलं असावं. टेकचंदच पुढे झाला.

"तिथं प्रफुल मनून साहेब आहे. काही अडलं त त्याले भेटा. आमचाच मानूस आहे."

बस गेली. फाटकाबाहेर वळताना मागच्या खिडकीतून काही पोरांनी हात हलवले. टेकचंदनं हात वर केला तोवर बस पुढे गेली होती.

शामकला झाडाखाली वाकून कुरकुऱ्यांची पाकिटं आणि सांडलेले पोहे गोळा करत होती. एक खार तिच्या मागं मागं येत होती. टेकचंदनं झाडू आणला आणि दुसऱ्या टोकाकडून लोटायला लागला.

"परत येतानी थांबतीन काय?" शामकलानं विचारलं.

"थांबतीन. पोरी आहेत ना संगं."

तिनं कंबर सरळ केली, रिकाम्या बादल्या दोन्ही हातांत घेतल्या आणि विहिरीकडे निघाली.